मिठीला जागा हवी

मे महिना लागला की मुंबईत मिठी नदीच्या गाळाची टक्केवारी छापून यायला लागते. आज इतके टक्के गाळ निघाला, उद्या इतके निघेल, मंत्र्यांनी आणि आयुक्तांनी काठावर उभे राहून पाहणी केली. जून-जुलैत पहिला जोरदार पाऊस होतो, कुर्ला, कलिना, कलानगर पाण्यात जाते आणि सगळे खापर पुन्हा गाळावर आणि ठेकेदारावर फुटते. या साऱ्यामागे एक पक्का समज आहे. मिठी हा तुंबलेला नाला आहे, त्यामुळे तो खोल करावा, दोन्ही काठांना भिंती घालाव्यात, म्हणजे पाणी सुसाट समुद्रात जाईल आणि शहर वाचेल. वीस वर्षे सरकार, महापालिका, विरोधी पक्ष, वर्तमानपत्रे, सगळे हेच धरून चालले आहेत. भांडण असते ते कामाच्या गतीचे आणि पैशांचे. हा मूळ समजच चुकीचा आहे, असे माझे म्हणणे आहे. गाळ काढूच नये, असे मी म्हणत नाही. साकीनाक्याकडच्या अरुंद पात्रातून प्लास्टिक, राडारोडा आणि गाळ निघायलाच हवा. पण पूर जिथे ठरतो त्या खालच्या पट्ट्यात मिठीला जागा कमी पडते, आणि ती जागा गाळ उपसून मिळत नाही.

आधी नदी पाहू. १८६० साली पूर्ण झालेला विहार तलाव आणि त्यानंतरचा पवई तलाव यांच्या सांडव्यावरून पडणाऱ्या पाण्यातून मिठी सुरू होते. सुमारे अठरा किलोमीटरच्या वाटेत तिला साकीनाका, विमानतळ, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल आणि धारावी लागते, वाकोला नाला तिला येऊन मिळतो, आणि माहीमच्या खाडीत ती संपते. तिचे पाणलोट क्षेत्र सुमारे ७३ चौरस किलोमीटर आहे. या अठरा किलोमीटरांत दोन वेगळ्या नद्या आहेत. वरची डोंगरउताराने धावते. तिला ढाळ आहे, तिथे खोली आणि रुंदी वाढवली की पाणी खरोखरच लवकर पुढे जाते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या पुलापासून माहीमपर्यंतचे खालचे सहा किलोमीटर मात्र समुद्राचा हात आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरतीचे पाणी साडेचार मीटरच्या वर चढते आणि ओहोटीला एक मीटरच्याही खाली उतरते. हा चढउतार दिवसातून दोनदा होतो. भरती लागली की वांद्र्याच्या पुलांखालचे पाणी आधी थबकते. थर्माकोलचे तुकडे आणि जलपर्णीचे पुंजके जागच्या जागी फिरत राहतात, आणि थोड्या वेळाने तेच तुकडे उलट्या दिशेने, कुर्ल्याकडे चालू लागतात. काठच्या नाल्यांची तोंडे पाण्याखाली जातात. त्या तीन-चार तासांत आभाळ फुटले, तर वरून आलेले पाणी आणि खालून चढलेले पाणी एकमेकांवर येऊन उभे राहते. पात्र कितीही स्वच्छ असले तरी पाण्याला पुढे वाट नसते.

गडचिरोली जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आमच्याकडे याला फुगवटा म्हणतात. भामरागडला पर्लकोटा नदीवरचा पूल पावसाळ्यात पुन्हापुन्हा पाण्याखाली जातो आणि तालुक्याचा संपर्क तुटतो. पर्लकोटेच्या पात्रात गाळ साचला म्हणून हे होत नाही. पुढे इंद्रावती भरून वाहत असते, ती पर्लकोटेचे पाणी घेत नाही, आणि ते पाणी मागे पसरते. चामोर्शी तालुक्यातही वैनगंगा दुथडी भरली, वर गोसीखुर्दचे दरवाजे उघडले, की तिला मिळणारे नाले मागे फिरतात, रस्ते बंद पडतात आणि धानाच्या बांध्या दोन-दोन दिवस पाण्याखाली राहतात. अशा वेळी नाल्यात जेसीबी उतरवा, असे इथला शेतकरी म्हणत नाही. पुढची नदी उतरेपर्यंत पाणी कुठे पसरणार आणि तिथे घर बांधायचे नाही, एवढे त्याला माहीत असते. मिठीच्या पुढे इंद्रावतीच्या जागी अरबी समुद्र आहे, आणि तिथे हा फुगवटा चोवीस तासांत दोनदा ठरल्या वेळी येतो. भरतीचे वर्षभराचे वेळापत्रक आधीच छापलेले असते. ज्या संकटाची वेळ मिनिटासकट माहीत आहे, त्याला सामोरे जायची तयारी मात्र आपण दुसऱ्याच संकटासाठी करावी तशी करतो.

आता खोलीकरण. जलयुक्त शिवारमुळे हा शब्द राज्यभर रुळला आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या नाल्यात खोदलेला खड्डा रिकामा असतो, त्यात पावसाचे पाणी साठते, म्हणून तिथे त्याला अर्थ आहे. मिठीच्या भरतीच्या पट्ट्यात तळ आणखी एक मीटर खोदला, तर तो खड्डा भरलेलाच असतो. समुद्राने तो कधीच भरून टाकलेला असतो. पुराच्या वेळी कामाला येते ती भरतीच्या पातळीच्या वरची जागा, आणि ती तळ खोदून एका घनमीटरनेही वाढत नाही. खोल पात्रातून ओहोटीच्या वेळी पाणी थोडे सुलभ वाहते, हे खरे आहे. पण त्याच खोल पात्रातून भरतीही अधिक जोराने आत शिरते. जर्मनीत एम्स आणि फ्रान्समध्ये ल्वार या नद्यांची मुखे जहाजांसाठी खोल केली, तेव्हा आतल्या गावांत भरतीची उंची वाढली, आणि खोदलेल्या पात्रात गाळही जास्त येऊन बसू लागला. भरतीच्या पाण्यात गाळ तरंगत असतो. पाणी वळण्याच्या वेळी क्षणभर स्थिर होते तेव्हा तो खाली बसतो, आणि खोल जागी जास्त बसतो. म्हणून खालच्या मिठीतला गाळउपसा हे कधीही न संपणारे काम आहे. किती काढला आणि किती परत आला, हे पावसाळ्यानंतर कोणालाच दाखवता येत नाही. अशा कामात पैशांचा घोळ होण्याला मोकळे रान असते. मे २०२५ मध्ये मिठीच्या गाळउपशात सुमारे ६५ कोटी रुपयांचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. आरोप टिकतात की नाही, ते न्यायालय पाहील. पण तो प्रत्येक रुपया प्रामाणिकपणे खर्च झाला असता, तरी भरतीच्या वेळी कुर्ल्यातली पाण्याची पातळी त्यामुळे उतरली नसती.

यावर पहिले उत्तर ठरलेले असते. २६ जुलै २००५ चा पाऊसच असा होता की कोणतेही शहर बुडाले असते. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे खरे आहे. एवढे पाणी पेलणारी व्यवस्था जगात कोणी बांधत नाही. पण त्या दिवसाची वेळ पाहा. दुपारी अडीच ते साडेतीन या एका तासात १९० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला, आणि चारच्या सुमारास ४.४८ मीटरची भरती होती. सर्वांत मोठे पाणी बरोबर दार बंद असतानाच येऊन पोहोचले. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरही पाऊस नव्हता. राज्यात त्या पावसाने हजारावर माणसे मेली, आणि पुढच्याच महिन्यात मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. एकदाच घडलेला चमत्कार म्हणून तो दिवस सोडून द्यायचा, तर पुढच्या वर्षांचे काय करायचे? २९ ऑगस्ट २०१७ चा सांताक्रूझचा पाऊस २००५ च्या निम्म्याहून कमी होता, तरी शहर ठप्प झाले. जुलै २०१९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२५ मध्ये मिठी चढली म्हणून कुर्ल्याच्या क्रांतिनगरमधून शेकडो माणसांना पावसातून हलवावे लागले. मधल्या सगळ्या वर्षांत गाळाची कामे चालूच होती.

मग जागा गेली कुठे? माहीमचा कॉजवे १८४५ मध्ये झाला. जमशेदजी जिजीभाईंच्या पत्नीने, आवाबाईंनी, त्यासाठी स्वतःचे पैसे दिले. लोक होड्या उलटून बुडत होते, त्यांना वाट हवी होती. त्या दातृत्वाला मी नाव ठेवणार नाही. पण खाडीचे तोंड तेव्हापासून बांधाने आवळले, हे नोंदवायला हवे. पुढे विमानतळाच्या धावपट्टीसाठी नदीला काटकोनात वळवून जमिनीखालून नेले. सर्वांत मोठा घास मात्र स्वातंत्र्यानंतरचा आहे. १९७७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलाचे नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेले, आणि भरतीचे पाणी जिथे पसरत असे त्या दलदलीवर, खाजणावर, तिवरांवर भराव पडत गेला. संकुलाचे क्षेत्र सुमारे ३७० हेक्टर आहे. आता साधा हिशेब करू. या जमिनीवर भरतीच्या पातळीच्या वर फक्त एक मीटर पाणी पसरू दिले असते, तर ३७ लाख घनमीटर पाणी मावले असते. मिठीच्या ७३ चौरस किलोमीटर पाणलोटावर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि तो सगळा वाहून आला, तर एका तासात साधारण साडेछत्तीस लाख घनमीटर पाणी जमते. मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्यांची क्षमता तासाला ५० मिलिमीटरपर्यंत न्यावी, असे १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने सांगितले होते. म्हणजे तोच पाऊस एक तासभर धरून ठेवील एवढी जागा एकट्या संकुलाखाली गेली. एका तासाने सगळे शहर वाचले असते, असा दावा मी करणार नाही. पण भरतीचा शिखराचा काळ दोन-तीन तासांचाच असतो. त्यातला एक तास म्हणजे कुर्ल्यातल्या तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाला माळ्यावर चढायला आणि म्हाताऱ्या माणसाला बाहेर काढायला मिळणारा वेळ आहे.

इथे झोपड्यांचा मुद्दा निघतो. नदीकाठच्या झोपड्यांनी, भंगाराच्या गोदामांनी पात्र गिळले, त्यांना हटवा म्हणजे प्रश्न सुटेल, हे सर्वांत लोकप्रिय म्हणणे आहे. पात्राच्या मधल्या आणि वरच्या भागात अतिक्रमणे आहेत आणि तिथे ती अडथळा करतात, याबद्दल वाद नाही. तिथल्या माणसांना जवळपास पक्की घरे देऊन पात्र मोकळे केलेच पाहिजे, कारण पहिले पाणी त्यांच्याच उंबऱ्यात येते. पण भरतीच्या पट्ट्यातली सर्वांत मोठी जागा कोणी झोपडीवाल्याने भराव टाकून बळकावलेली नाही. ती नकाशे काढून, मंजुऱ्या घेऊन, सरकारी यंत्रणेने भरली, आणि पुढे भूखंड पाडून भाडेपट्ट्याने दिली. मिठीचे प्राधिकरण झाल्यावर नदी वाटून घेतली गेली, तेव्हा वरचे सुमारे बारा किलोमीटर महापालिकेकडे आणि खालचे सहा किलोमीटर ज्या संस्थेने संकुल उभारले तिच्याकडेच गेले. क्रांतिनगरच्या चाळकऱ्याला अतिक्रमण करणारा म्हणायचे आणि संकुलातल्या काचेच्या इमारतींना विकास म्हणायचे, ही भाषा आपण निमूटपणे चालू दिली आहे. पाण्याच्या दृष्टीने दोघांनीही जागा घेतली. कोणी किती घेतली, याचे माप मात्र अगदी वेगवेगळे आहे.

यापेक्षा वजनदार हरकत अभियंत्यांची आहे. लंडनने टेम्स नदीवर दरवाजे उभारले, आपणही माहीमला दरवाजे लावू, भरतीला बंद करू आणि आतले पाणी पंपांनी बाहेर फेकू. मिठीत येणाऱ्या नाल्यांच्या तोंडांवर झडपा लावायच्या आणि पंप बसवायचे, असे प्रस्ताव येतच असतात. ही सूचना गांभीर्याने घ्यायला हवी, आणि गांभीर्याने घेतली की ती माझ्याच बाजूने बोलते. टेम्सचे दरवाजे केवळ समुद्राचे उधाण अडवायला बंद करत नाहीत. वरून नदीला पूर येत असेल, तर ते ओहोटी सरताच बंद करतात, म्हणजे आतले पात्र रिकामे राहते आणि पुढच्या ओहोटीपर्यंत पुराचे पाणी त्यात मावते. दरवाजा चालतो तो आतल्या रिकाम्या जागेच्या बळावर. गोव्यातल्या खाजण शेतीत हेच शतकानुशतके चालले आहे. बांधात लाकडी झडपांची मानस असते. भरतीचे पाणी बाहेरून रेटले की झडप आपोआप मिटते, ओहोटी लागली की आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. आणि त्या मानशीच्या आतल्या बाजूला खोलगट तळे राखलेले असते, झडप मिटलेली असताना शेतातले पाणी तिथे थांबते. अलिबाग-पेणच्या खारेपाटातल्या शेतकऱ्यालाही उघाडी, म्हणजे बांधातली अशीच झडप, कशासाठी असते ते सांगावे लागत नाही. ते तळे बुजवून कोणी नुसती झडप ठेवली, तर पहिल्याच पावसाळ्यात शेत आतल्या पाण्याने बुडेल. माहीमला दरवाजे लावायचे आणि आतली शेवटची मोकळी जमीन भराव टाकून बांधायची, हे नेमके तसेच आहे. राहिले पंप. इर्ला, हाजीअलीसारख्या केंद्रांतला एक मोठा पंप सेकंदाला सुमारे ६,००० लिटर पाणी फेकतो. वरचाच हिशेब धरला, तर तासाला ५० मिलिमीटर पावसात मिठीतून सेकंदाला दहा लाख लिटरच्या आसपास पाणी येते. त्यासाठी असे सुमारे १७० पंप एकाच ठिकाणी, एकाच वेळी, वीज न जाता चालायला हवेत. सखल वस्त्यांसाठी पंप उपयोगाचे आहेत. पंपांनी नदी चालत नाही.

रुंदीकरणाने फरक पडला, असे कोणी म्हणेल तर मी ते मान्य करतो. २००५ नंतर खालच्या पट्ट्यात जिथे पात्र रुंद झाले, तिथे पाण्याला जास्त पसारा मिळाला, म्हणजे जागाच मिळाली. पण त्याच कामात दोन्ही काठांना काँक्रीटच्या उभ्या भिंती आल्या, आणि एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले गेले. उतरता काठ असला की पाणी चढताना बाजूलाही सरकते आणि पातळी सावकाश वाढते. उभ्या भिंतीत अडकलेले पाणी वरच चढते. शिवाय भिंतीपलीकडच्या वस्तीत पडलेला पाऊस नदीपर्यंत पोहोचायला भिंतीतली भोकेच काय ती उरतात, आणि भरतीला ती पाण्याखाली असतात. माणसे नदीच्या पुरापासून वाचली, तर स्वतःच्याच गल्लीतल्या पाण्यात अडकतात. तिवरांमुळे प्रवाह अडतो, ती तोडा, हीदेखील एक मागणी अधूनमधून ऐकू येते. तिवरे उगवतात ती भरतीच्या आणि ओहोटीच्या रेषांमधल्या सपाटीवर. पाणी पसरायला उरलेली शेवटची जागा तीच आहे, आणि तिवरे उभी आहेत म्हणूनच ती अजून कोणी भरलेली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये तिवरांना संरक्षण दिले नसते, तर माहीमच्या खाडीतले हे हिरवे पट्टे कधीच भूखंड झाले असते.

शेवटची हरकत व्यवहाराची आहे. गेलेली जागा परत येणार नाही, संकुल काही पाडता येणार नाही, मग हे सगळे बोलून उपयोग काय? पाडा, असे मी म्हणतच नाही. पण जागा दोन प्रकारांनी मिळवता येते, जमिनीखाली टाक्या बांधून आणि मोकळ्या जमिनीची पातळी उतरवून, आणि त्यातला पहिला प्रकार महापालिकेने स्वतःच करून दाखवला आहे. दादर-परळच्या हिंदमाता भागात वर्षानुवर्षे गाळ काढून आणि नळ मोठे करून पाणी तुंबणे थांबले नव्हते. शेवटी प्रमोद महाजन कला पार्क आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या. भरतीच्या वेळी पाणी त्यांत साठवायचे आणि ओहोटीला सोडायचे, हे सुरू झाल्यावर तिथे पाणी साचून राहण्याचा काळ कमी झाला. खालच्या मिठीचा सगळा प्रश्न या एका उदाहरणात आहे, फक्त माप मोठे आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात अजूनही प्रदर्शने आणि सभा भरवायची विस्तीर्ण मैदाने मोकळी आहेत. त्यांची पातळी खाली घेतली, पावसाळ्याचे चार महिने ती नदीसाठी राखून ठेवली, तर आठ महिने ती आजच्यासारखीच वापरता येतील. महाराष्ट्र निसर्ग उद्यान एका जुन्या कचराभूमीवर उभे राहिले, तेही धारावीला खेटून, मिठीच्या काठावर. ज्या शहराने कचऱ्याच्या ढिगावर जंगल उगवले, त्याला एका मैदानाची पातळी दोन मीटर उतरवणे अशक्य नाही.

आणि जी जागा अजून गेलेली नाही, तिच्याबद्दलचा निर्णय आत्ताच होतो आहे. धारावीचा पुनर्विकास मिठीच्या काठालगत होणार आहे. त्यात नदीकडची किती जमीन भरतीच्या पाण्यासाठी खुली राहील, किती ठिकाणी जोत्याची पातळी वाढवण्यासाठी भराव पडेल आणि त्या भरावाने सरकलेले पाणी कुठे जाईल, हे प्रश्न घरांच्या क्षेत्रफळाइतक्याच मोठ्याने विचारले गेले पाहिजेत. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने याच प्रकल्पातल्या पुनर्वसनासाठी पूर्व उपनगरांतली सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन द्यायचा निर्णय घेतला. ती ठाण्याच्या खाडीकडची आहे, मिठीकडची नाही. पण मिठागर म्हणजे भरतीचे पाणी हवे तेव्हा आत घ्यायचे, हवे तेव्हा थांबवायचे यासाठीच बांधलेली सपाटी. एका खाडीवर १९७७ नंतर जे झाले, तेच दुसऱ्या खाडीवर होऊ घातले आहे, आणि या वेळी परिणाम काय होतो हे आपल्याला आधीच माहीत आहे.

वैनगंगेच्या काठावरून मुंबईच्या खाडीबद्दल लिहिण्याचा अधिकार काय, असे कोणी विचारील. मिठीवर खर्च होतो तो राज्याचाही पैसा आहे, निर्णय घेणारे मंत्रिमंडळ आमचेही आहे, आणि नदी दिसली की खोदायची, ही सरकारी सवय मुंबईत घट्ट झाली की ती इथल्या नाल्यांपर्यंत पोहोचते. म्हणून मागणी अगदी नेमकी आहे. कुर्ल्याच्या सीएसटी पुलाखालच्या सहा किलोमीटरांसाठी यापुढच्या प्रत्येक निविदेत गाळाच्या टनांऐवजी भरतीच्या पातळीच्या वर पाण्यासाठी किती घनमीटर जागा नव्याने मोकळी केली, तो आकडा लिहावा. काठालगतच्या प्रत्येक बांधकामाला परवानगी देताना तितक्याच घनमीटरांची जागा नदीला दुसरीकडे दिल्याचा नकाशा मागावा. आणि हे आकडे दर वर्षी मेअखेर, जिथे आज गाळाची टक्केवारी छापतात, तिथेच छापावेत.